गोत विचारणारा उत्तमसिंग

समोरच्या माणसाने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि तोवर त्याचं कुळ कळलं नाही, तर उत्तमसिंग चव्हाणाला ते पाणी स्वतःच्याच घशात अडकल्यासारखं व्हायचं.

हा घाटंजीजवळच्या तांड्यावरचा उत्तमसिंग. पांढरा फेटा, फेट्यापेक्षा पांढऱ्या मिशा आणि खांद्यावर शेला. बंजारा समाजात, म्हणजे त्यांच्या बोलीत गोर समाजात, दोन अनोळखी माणसं भेटली की आधी गोत विचारतात, मग पाडा, म्हणजे त्या गोताची फांदी, आणि मग आज्याचं नाव. त्यावरून समोरचा भाऊ लागतो की सोयरा, ते ठरतं. भाऊ निघाला तर गळाभेट, सोयरा निघाला तर थट्टा. हा रिवाज सगळेच पाळतात. पण लोक मीठ खातात तसा पाळतात, उत्तमसिंग भात खावा तसा पाळायचा.

तो एसटीत कंडक्टर होता. "कुठं जायचं?" हा कंडक्टरचा प्रश्न त्याच्या तोंडून दुसऱ्या क्रमांकाने यायचा. पहिला, "कोनाचे तुमी?" त्याच्या गाडीत घाटंजीला अनोळखी म्हणून चढलेली माणसं पांढरकवड्याला मामा-भाचे होऊन उतरायची आणि तिकीट काढायचं राहून जायचं. एकदा तो मोटारसायकलवर असताना केळापूरच्या फाट्यावर एका पोलिसाने त्याला हेल्मेट नाही म्हणून अडवलं. पोलीस पुसदकडचा राठोड निघाला. पुढच्या चहापर्यंत तो उत्तमसिंगच्या सासूच्या माहेरचा लागायला लागला. दंड तर राहिलाच, शेवटी पोलिसाने स्वतःचं हेल्मेट काढून उत्तमसिंगला घातलं आणि दाजीला म्हणतात तसं "भाटवा, सावकाश जाजा," असं बजावून वाटेला लावलं.

"दुकानातून गूळ आनाले पाठवलं तं सोयरा घिऊन येते," ही त्याच्या बायकोची, सुखीबाईची कायमची तक्रार. नवरा-बायको एरवी गोरबोलीत भांडतात, पण मी, तांड्याबाहेरचा, बसलेला असलो की वऱ्हाडीत भांडतात. एवढा मान मला त्या घरात आहे.

"मंग पावन्याले काय रस्त्यावर सोडू?" उत्तमसिंग म्हणायचा.

"पावना म्हनू नका त्याले. तो बिचारा बस धुंडून राह्यला होता."

या छंदाचं मूळ हसण्यासारखं नव्हतं. उत्तमसिंग हा आईबापाचा एकुलता, आणि आईबाप त्याला चालता येण्याआधीच एका साथीत गेले. ना भाऊ, ना बहीण. आजा देवीलाल, त्यानेच वाढवलं. बाकीच्या पोरांना झोपताना गोष्टी, याला झोपताना पिढ्या. कोण कोणाचा, त्याचा बाप कोण, त्याचा आजा कोण. देवीलालच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले होते. प्रत्येक मुक्कामावर एखादं घर मागे राहायचं, एखादं पुढे निघून जायचं. "गोनीले भोक पडलं तं दाने सांडते ना," देवीलाल सांगायचा, "तसे आपले मान्सं सांडत गेले रे पोरा, जमिनीभर." भाऊबहीण नसलेल्या त्या पोराने हे मनावर घेतलं. सांडलेले दाणे वेचत तो म्हातारा झाला. निम्म्या जिल्ह्याशी त्याचं नातं निघालं होतं, पण एखाद्या सणाला तो दाराकडे असा बघत बसायचा, की अजून कोणीतरी यायचं राहिलंय.

तर या माणसाची नात संगीता नर्स झाली आणि जर्मनीला गेली. तिथे एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्या माणसांचं करते. उत्तमसिंगने तिला विमानतळावर एकच सूचना केली होती, "तिकडं कोन कोन भेटते, इचारत जाजो."

एका रविवारी संगीता आजीशी फोनवर बोलत होती. "आजी, पानी पडलं का तिकडं?" एवढंच म्हणाली, आणि शेजारच्या खुर्चीवरची हिल्डा नावाची बाई एकदम मान वळवून बघायला लागली. सत्तरीच्या पुढची, केस पांढरे, डोळे मात्र कोळशासारखे. तिने टेबलावरच्या पेल्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "पानी." मग नाकाला हात लावून, "नाक." कानाला लावून, "कान."

संगीताने हे घरी सांगितलं आणि घरात भूकंप झाला.

"सापडले!" उत्तमसिंग ओट्यावरून ओरडला. "सुखी, सापडले आपले! पुढं गेलते ते!"

संगीताने समजावून पाहिलं. ही बाई सिंती समाजाची आहे, यांना आणि रोमा लोकांना युरोपात 'जिप्सी' म्हणत, त्यांना ते आवडत नाही. यांचे पूर्वज हजारभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले असं भाषेवरून जाणकार म्हणतात. पण ते गोरच होते असं कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

"मी सांगतो ना," उत्तमसिंग म्हणाला. "एक डाव तिचा गोत कळू दे फक्त."

त्याचा दोस्त उकंडा तिथेच होता. उकंडाचं घाटंजीच्या बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. बौद्ध माणूस, बोलणं कमी आणि बोलला तर चिमटा. "उत्तमसिंग," तो म्हणाला, "हजार वर्स झाले म्हंते पोरगी. एवढ्या वर्सात तं सख्खा भाऊ बी वळखत नाही. वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडनात पाहून घे."

"तू गप बे. तुले काय समजते नात्यातलं."

पुढच्या रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. त्या दिवशीचा तांडा तुम्ही पाहायला हवा होता. उत्तमसिंगने नवा फेटा बांधला. सुखीबाईने आरशांचं भरतकाम केलेली, ठेवणीतली कांचळी आणि फेटिया, म्हणजे चोळी-घागरा, काढली. दोन्ही घालायला तिला दोन सुना लागल्या. बोकड कापायचा का यावर पंचायत बसली, तेव्हा सुखीबाईच म्हणाली, "ते काय फोनातून हाड चोखनार हाय?" मोबाइल नळाच्या टाकीच्या कठड्यावर टेकवला, कारण तिथेच रेंज येते, आणि अर्धा तांडा टाकीभोवती उभा राहिला.

हिल्डा दिसली. लाजली. मग 'पानी' झालं, 'नाक' झालं, 'कान' झालं. बोटं मोजली, तर एक, दुई, तीन इथपर्यंत दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. तीनवर तांड्याने टाळ्या वाजवल्या. हिल्डा हसली, तशी तिच्या गालाला खळी पडली, आणि एक म्हातारी मागून म्हणाली, "अवो, ही तं आपल्या तांड्यातल्या बबितासारखी दिसते!" उत्तमसिंगचे डोळे भरून आले. तो पुढे सरकला आणि आयुष्यभर ज्या प्रेमाने विचारत आला, त्याच प्रेमाने त्याने विचारलं, "बाई, तुमचा गोत कोन्ता? आज्याचं नाव काय?"

संगीता घुटमळली. मग तिने जर्मनमध्ये सांगितलं.

हिल्डाचं हसू थांबलं.

उत्तमसिंगला वाटलं, आवाज पोचला नाही. त्याने मोठ्याने विचारलं. "बापाकडून कोन? मायकडून कोन? आज्याचा बाप कुठचा? सांगा, बिनधास सांगा, मी बरोबर जुळोतो!"

हिल्डाने हात पुढे केला. तिचा तळवा मोठा मोठा होत आला आणि पडदा काळा झाला.

"रेंज गेली," कोणीतरी म्हणालं. एक पोरगा मोबाइल घेऊन टाकीवर चढला, दुसरा त्याच्या खांद्यावर. रेंज गेलेली नव्हती.

संध्याकाळी संगीताचा फोन आला. उत्तमसिंग, सुखीबाई, उकंडा आणि मी ओट्यावर होतो.

"दादा, तुमची चूक नाही," तिने सुरुवात केली. आज्याला ती दादा म्हणते. "पन तुमी जे इचारलं ना, तेच इचारत एकदा लोक आले होते तिच्या मायकडं. तिची माय तवा लहान होती."

"कोन लोक?"

"सरकारचे. हिटलरच्या टायमाले इथं हिमलर नावाचा मानूस होता. हिटलरच्या खालोखाल वजनाचा. सारे पोलीस त्याच्या हाताखाली, कैद्यांच्या छावन्या त्याच्या हाताखाली."

"शिपाईगडी असंन."

"शेतकी शिकला होता. आधी कोंबड्या पाळत होता."

"मंग तं आपल्यातलाच," उत्तमसिंग म्हणाला, आणि आम्ही हसलो. पुढे त्या ओट्यावर कोणी हसलं नाही.

संगीताने सांगितलं ते असं. या हिमलरने फर्मान काढलं, की या लोकांची एकेकाची नोंद करा. कोण कोणाचा, आजा कोण, पणजा कोण. त्या कामावर शिकलेसवरलेले लोक नेमलेले होते. ते वस्त्यांवर जायचे, बग्ग्यांजवळ बसायचे. काहींनी तर यांची बोली शिकून घेतली होती. लेकरांना खाऊ द्यायचे, गोड बोलायचे, आणि नावं विचारायचे. कुळाचे कागद तयार झाले. मग डिसेंबर १९४२ मध्ये त्याच हिमलरने दुसरं फर्मान काढलं, यांना आउशवित्झला पाठवा. कोणाला उचलायचं ते धुंडाळावं लागलं नाही, कागदावर तयार होतं. आउशवित्झ म्हणजे मारायची जागा. वीस हजारांहून जास्त माणसं तिथे नेली, लेकराबाळांसकट. बहुतेक मेली. भुकेने, तापाने, गॅसने. हिमलरने स्वतः काठीसुद्धा उचलली नसेल. तो सह्या करायचा.

"आनखी एक सांगू का दादा," संगीता म्हणाली. "हे लोक हिंदुस्थानातून आले हे त्याले माहीत होतं. कौतुक होतं त्याले त्याचं. यातले शुद्ध कुळाचे थोडे निवडून बाजूले ठेवू, असं म्हने तो. नमुना म्हनून."

"त्याले बी माहीत होतं?" उत्तमसिंगने विचारलं. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"हो."

"अन् तिची माय?"

"नऊ-दहा वर्सांची होती. साऱ्या घरात तिलेच पिढ्या पाठ होत्या. खाऊ देनाऱ्या बाईनं इचारलं, तं तिनं उभं राहून घडघड म्हनून दाखवल्या. काका, मामा, आत्या, सारे. शाबासकी भेटली तिले. मंग ज्यांचे ज्यांचे नावं तिनं घेतले, ते सारे नेले. ती एकटी वाचून आली. त्याच्यानंतर मरेपर्यंत तिनं कोनाचंच नाव घेतलं नाही. हिल्डाबाईले आज्याचं नाव माहीत नाही दादा. कोनालेच माहीत नाही आता."

फोन बंद झाल्यावर उत्तमसिंग बराच वेळ शेल्याच्या दशा ओढत बसला. पिढ्या पाठ असलेलं पोर उभं राहून घडघड म्हणतं, हे चित्र त्याला नवीन नव्हतं. ते पोर तोच होता.

त्या दिवसापासून उत्तमसिंगने विचारणं सोडलं.

तुम्हाला वाटेल, तांड्याने सुटकेचा श्वास टाकला असेल. उलट झालं. माणसं येत, पाणी पीत, जात. सुखीबाईला ते सोसवेना. "आता गेला तो कोन होता?" ती विचारायची.

"मानूस होता."

"ते मले बी दिसलं. कोनाचा?"

"इचारलं नाही."

"तब्बेत तं बरी हाय ना तुमची?" एकदा तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. दिग्रसकडून आलेला एक राठोड रागावून उठला, की या घरात माझं गोतसुद्धा विचारलं नाही, मी काय कोर आहे? कोर म्हणजे परका. त्याची समजूत काढायला सुखीबाईला पुरणपोळी करावी लागली.

शेवटी मी उकंडाला म्हणालो, तू बोल. उकंडा सायकल टेकवून ओट्यावर बसला.

"तुले राग आला का तिचा?" त्याने विचारलं.

"तिचा कायले? माह्याच जिभेचा आला." उत्तमसिंग म्हणाला. "उकंडा, इचारनं म्हंजे माया करनं, एवढंच मले शिकोलं देवीलालनं. ज्याले कोनी इचारत नाही, त्याचं कोनी नाही. मले काय माहीत, इचारून इचारून मारते बी."

"मले माहीत होतं," उकंडा म्हणाला.

"तुले कसं?"

"आपन पह्यल्यांदा भेटलो तवा तू मले काय इचारलं होतं? एसटीत?"

"कोनाचे तुमी."

"अन् मी काय सांगतलं?"

उत्तमसिंगने आठवून पाहिलं. "भीमनगर म्हनला तू."

"पत्ता सांगतला. कुळ नाही सांगतलं. माह्या बापाले बी लोक असेच इचारत. गोड बोलून. आडनाव काय, कोन्या बाजूचे, राहाले कुठं. उत्तर आयकून पान्याचा गिलास पुढं याचा, नाहीतर मागं जायाचा. आमच्यात कोनी कुळ इचारलं का आधी दरवाजा कुठं हाय ते पाहातो आमी. अजून बी."

इतक्या वर्षांची दोस्ती आणि हे उत्तमसिंग पहिल्यांदा ऐकत होता.

"मंग तू माह्याशी दोस्ती काहून केली बे?"

"तू पान्याची बाटली आधीच देल्ली होती. इचारलं मागून," उकंडा म्हणाला. "अन् आता माहीत झालं तुले, तं असा तोंड पाडून बसू नको. बसस्टँडवर लोक मले इचारते, तुमचा दोस्त मेला का म्हनून."

पण उत्तमसिंगच्या मनात वेगळंच चाललं होतं. ती बाई, गालाला खळी पडणारी, पुन्हा दिसावी. माफी मागायची, असंही नव्हतं. नुसती दिसावी. एका आठवड्यासाठी त्याला बहीण मिळाल्यासारखं झालं होतं आणि त्यानेच ती हाकलली होती. दर रविवारी संगीताचा फोन आला की तो म्हणायचा, "जेवली का ती?" संगीता म्हणायची, "जेवली." "पानी पडून राह्यलं का तिकडं?" "बर्फ पडते दादा." "मंग तिले पांघरून दे." असं ते चालायचं. ती फोनवर येते का, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं ना.

तूर फुलावर आली तेव्हाची गोष्ट. दुपारी संगीताचा फोन आला. "दादा, हिल्डाबाई म्हंते, तो फेटेवाला मानूस कुठं गेला?"

उत्तमसिंग तसाच उठला. नवा फेटा नाही, काही नाही. टाकीच्या कठड्याशी आम्ही पोचेपर्यंत कुठून कुठून माणसं जमलीच. हिल्डा दिसली. वाळली होती. उत्तमसिंग तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि गप्प. सबंध जिल्हा बोलून दमवणारा माणूस, पण बोलणं सुरू करायचं तर त्याच्याकडे एकच प्रश्न होता, आणि तोच आता त्याला नको होता.

मग हिल्डा काहीतरी म्हणाली. संगीताने पुन्हा विचारून घेतलं.

"दादा, ती इचारून राह्यली, तुमच्या आज्याचं नाव काय?"

उत्तमसिंगने वळून आमच्याकडे पाहिलं.

"सांग ना बे," उकंडा म्हणाला. "सारी जिंदगी याचीच तं वाट पाहात होता तू."

"देवीलाल," उत्तमसिंग म्हणाला.

"त्याच्या आधीचे सांगा म्हंते. तिची माय म्हनायची तसे. उभं राहून."

तो उभाच होता, तरी त्याने पाय जुळवले. "उत्तमसिंग थावराचा. थावरा देवीलालचा. देवीलाल हामूचा. हामू खेमाचा. खेमा रूपलाचा. रूपला भोजाचा..." सूर आपोआप लागला. पुढे काका लागले, चुलत आजे लागले, मुक्कामांवर मागे राहिलेले लागले. हिल्डाने डोळे मिटले होते. तिच्या आईने उभं राहून म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं, कारण ते तिच्या जन्माआधीच थांबलं होतं. कळत एक अक्षर नव्हतं, पण मान हलत होती.

तो संपला तेव्हा ती म्हणाली, आणि आया?

"आया म्हंजे?"

"या साऱ्यांच्या माया, दादा. त्यांचे नावं."

उत्तमसिंगने तोंड उघडलं. "माही याडी, माही माय, सोनकी. देवीलालची बायको, जमनी." आणि थांबला. त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. हामूची बायको कोण, खेमाची आई कोण, कोणाला सांगता येईना. बायकांची नावं पिढ्यांत घ्यायची रीतच नव्हती. नात्यांचा एवढा मोठा सावकार टाकीजवळ सगळ्यांसमोर दिवाळखोर निघाला होता.

हिल्डा हळूच हसली. मला पण माहीत नाहीत, म्हणाली. आपलं सारखंच.

उत्तमसिंगने जोरात मान हलवली. "नाही. संगीता, तिले सांग. सारखं नाही. माह्यं आमी इसरलो, कोनी घेतलंच नाही ध्यानात. तिचं नेलं. हे एक नोय. बरोबर सांग तिले."

संगीताने सांगितलं. मग हिल्डाने, कोणी न विचारता, एक शब्द उच्चारला.

"तिच्या मायचं नाव," संगीता म्हणाली. "फ्रीडरिके."

"फिरदरीका," उत्तमसिंग म्हणाला.

हिल्डाने मान हलवली. पुन्हा सांगितलं.

"फिद्रीका," उकंडा म्हणाला.

"अवो फडरी, फडरी," मागून एक म्हातारी. पोरंबाळं पुढे घुसली, ज्याच्या त्याच्या तोंडात ते नाव. कोणाचं फ चुकलं, कोणाचा र, कोणी सगळंच. हिल्डा दरवेळी मान हलवून दुरुस्त करत होती, तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि हसताना रडतही होती. सुखीबाईने डोक्यावरची ओढणी सारखी केली, कठड्यापाशी आली आणि सावकाश, एकेक तुकडा जपून ठेवावा तसं म्हणाली, "फ्री-डरि-के."

हिल्डाने टाळी वाजवली.

आता उत्तमसिंगच्या ओठावर काय आलंय ते सगळ्या तांड्याला दिसत होतं. फ्रीडरिके कोणाची? त्याच्या मिशा हलल्या. त्याने शेल्याचं टोक उचलून तोंडाशी दाबून धरलं आणि तसाच बघत उभा राहिला. हिल्डाही पडद्यातून त्याच्याकडे बघत होती. सुखीबाईनेच शेवटी हात हलवला आणि म्हणाली, "जाय बाई, थंडीत बसू नको. पुढच्या रविवारी ये."